पीसीएनएल: किडनीत शिरायचं कुठून?

पीसीएनएलच्या, म्हणजे पाठीतून दुर्बीण घालून मुतखडा काढायच्या ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाला पालथं केलं, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) जागेवर आला, कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारा द्राव) सोडला आणि तेव्हा कुठे कुणीतरी विचारतं, "सर, कुठल्या कॅलिक्समधून जायचं?" हा प्रश्न त्या क्षणी पडत असेल तर उशीर झालेला आहे. किडनीत शिरायची वाट आदल्या संध्याकाळी सीटी स्कॅनसमोर बसून ठरवायची असते. टेबलावर ती फक्त अमलात आणायची, आणि अडलंच तर बदलायची.

हा लेख मुख्यतः युरॉलॉजी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि लहान शहरांत मुतखड्याची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनसाठी आहे. पण ज्यांच्या घरी कुणाला "दुर्बिणीने पाठीतून खडा काढू" असं सांगितलं आहे आणि आत नेमकं काय करणार हे ज्यांना समजून घ्यायचं आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही. सुई धरायला मात्र अनुभवी हाताखालीच शिकावं लागतं, लेख वाचून ते येत नाही.

नवख्या वाचकासाठी दोन ओळी. किडनीत तयार झालेली लघवी आधी कॅलिक्स नावाच्या छोट्या पेल्यांत उतरते. प्रत्येक पेल्याला एक अरुंद मान असते, ती इन्फंडिब्युलम. या माना मधल्या पिशवीत, म्हणजे पेल्व्हिसमध्ये उघडतात आणि तिथून लघवी मूत्रवाहिनीत जाते. पीसीएनएलमध्ये त्वचेतून सुई कॅलिक्समध्ये न्यायची, सुईतून तार सरकवायची, तारेवरून वाट रुंद करत नळी बसवायची आणि नळीतून दुर्बीण घालून खडा फोडून काढायचा. १९५५ मध्ये गुडविन यांनी तुंबलेल्या किडनीत त्वचेतून सुई घालून लघवीला वाट करून दिली. त्याच वाटेने खडा काढायला १९७६ साल उजाडलं. स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ते तीन रुग्णांत करून दाखवलं. तेव्हापासून दुर्बिणी बारीक झाल्या, लेझर आले, पण सुई कुठून घालायची हा प्रश्न तिथेच आहे.

आधी हे निपटून घ्या

खडा दोन सेंटीमीटरहून मोठा, किंवा फांद्या फुटलेला स्टॅगहॉर्न असेल तर पीसीएनएल हा पहिला पर्याय. खालच्या पोलमधला, म्हणजे किडनीच्या खालच्या टोकातला, एक ते दोन सेंटीमीटरचा खडा वादात असतो. तिथे इन्फंडिब्युलम लांब, अरुंद आणि तीव्र कोनात असेल तर बाहेरून धक्के देऊन फोडलेल्या खड्याचे तुकडे खाली उतरत नाहीत, आणि पीसीएनएल किंवा खालून जाणारी लवचीक दुर्बीण बरी पडते. त्याहून लहान खड्यासाठी पाठीला भोक पाडायची घाई करू नये.

लघवीचं कल्चर आल्याशिवाय तारीख देऊ नका. जंतू वाढले असतील तर त्यांना लागू पडणारं अँटिबायोटिक आधी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच थांबवायच्या. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी बंद करतात, पण नुकताच स्टेंट बसलेल्या रुग्णात ते परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. न सुधारलेला रक्तस्रावाचा दोष, उपचार न झालेला जंतुसंसर्ग आणि गरोदरपण या तीन परिस्थितींत पीसीएनएल नाही.

आदल्या संध्याकाळी: सीटीसमोर

रिपोर्ट वाचून वाट ठरत नाही, प्लेट स्वतः पाहायच्या. रेडिऑलॉजिस्ट "डावीकडे ३२ मिमीचा खडा" लिहितो. खडा कुठल्या कॅलिक्सच्या तोंडाशी बसला आहे हे बहुधा लिहीत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

मी आधी कोरोनल, म्हणजे समोरून पाहिल्यासारखी चित्रं पाहतो. खड्याचा मुख्य ऐवज पेल्व्हिसमध्ये आहे, खालच्या कॅलिक्समध्ये आहे की वरच्या, आणि किती कॅलिक्समध्ये फांद्या गेल्या आहेत? मग अॅक्सियल, म्हणजे आडवे छेद. खडा असलेला कॅलिक्स पाठीकडे तोंड करून आहे की पोटाकडे? पुढच्या आणि मागच्या कॅलिक्सचा हा फरक साध्या एक्स-रेवर फसवतो. बाजूला दिसणारा कॅलिक्स मागचा असेल असं गृहीत धरता येत नाही, कारण कॅलिक्सची ठेवण माणसागणिक आणि उजव्या-डाव्या किडनीगणिक बदलते. शेवटी सॅजिटल, म्हणजे बाजूने पाहिल्यासारख्या चित्रांवर किडनीचा आस बघायचा. किडनी कण्यालगतच्या सोआस स्नायूवर तिरकी टेकलेली असते. तिचं वरचं टोक आत आणि मागे, खालचं टोक बाहेर आणि पुढे. याचा अर्थ वरचा कॅलिक्स पाठीच्या त्वचेला जवळ आणि खालचा दूर असतो. ही गोष्ट एकदा मनात बसली की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

एवढं झालं की शेजारी कोण कोण आहे ते पाहायचं. बाराव्या आणि अकराव्या बरगडीचं स्थान, त्यांची लांबी आणि चक्क मोजणी. बारावी बरगडी आखूड असलेले किंवा नसलेलेच रुग्ण मिळतात, आणि तिथे "बाराव्याच्या वरून" म्हणत आपण अकराव्याच्या वर गेलेलो असतो. उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. प्लीहा वाढलेली असेल तर वरच्या पोलकडे जाताना ती सुईच्या रेषेत येते का, हे बघितलंच पाहिजे. मोठं आतडं किडनीच्या मागे सरकलंय का? बारीक अंगकाठीच्या वृद्ध रुग्णांत, पूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांत आणि घोड्याच्या नालेसारख्या जोडकिडनीत हे जास्त आढळतं, आणि डाव्या बाजूला खालच्या पोलशी त्याचा धोका सर्वाधिक. उताणं झोपवून काढलेल्या सीटीत असं आतडं शंभरात दोघांत दिसतं, पालथं झोपवल्यावर दहा जणांत. म्हणजे उताण्या सीटीत आतडं किडनीच्या बाजूपर्यंत आलेलं दिसलं तर पालथ्या स्थितीत ते आणखी मागे येईल असं धरून चालायचं.

त्वचेपासून कॅलिक्सपर्यंतचं अंतरही मोजून ठेवा. स्थूल रुग्णात नेहमीची नळी आखूड पडते, आणि लांब नळी ऑपरेशन थिएटरमध्ये नाही हे भूल दिल्यावर कळून उपयोग नाही.

मागचा कॅलिक्स, आणि त्याच्या पेल्यातून

नियम असा: सुई मागच्या कॅलिक्सच्या पेल्याच्या मधोमध शिरली पाहिजे आणि तिची रेषा इन्फंडिब्युलमच्या आसाशी जुळली पाहिजे. याला दोन कारणं आहेत.

पहिलं रक्तवाहिन्यांचं. किडनीची धमनी पुढच्या आणि मागच्या फांद्यांत विभागते. त्या दोन प्रदेशांच्या सीमेवर, किडनीच्या बाहेरच्या कडेच्या किंचित मागे, रक्तवाहिन्या कमी असलेला पट्टा आहे. जॉन्स हॉपकिन्समधले वैद्यकीय चित्रकार मॅक्स ब्रोडेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. पाठीकडून तिरकं येत मागच्या कॅलिक्सच्या पेल्यात शिरलं की सुई आपोआप या पट्ट्यातून जाते. इन्फंडिब्युलमच्या भोवती मात्र वाहिन्यांचं दाट जाळं असतं. ब्राझीलच्या सांपायो यांनी मृतदेहांच्या किडन्यांत राळ ओतून साचे बनवले आणि वेगवेगळ्या ठिकाणी सुया घालून पाहिल्या. इन्फंडिब्युलममधून गेलेल्या सुयांनी साधारण तीनात दोनदा मोठी रक्तवाहिनी दुखावली. पेल्याच्या टोकातून गेलेल्यांत धमनीला इजाच झाली नाही. थेट पेल्व्हिसमध्ये सुई घालणं याहून वाईट. तिथे मागून जाणारी धमनी आडवी असते, आणि नळीला धरून ठेवायला किडनीचा गर नसल्याने नळी घसरते, गळती थांबत नाही.

दुसरं कारण यांत्रिक आहे. ताठ दुर्बीण वाकत नाही. पुढच्या कॅलिक्समध्ये मागून शिरलात तर पेल्व्हिसकडे जायला उलटा कोन घ्यावा लागतो. मग आपण दुर्बीण जोर लावून वळवतो, इन्फंडिब्युलम फाटतो आणि चित्र लाल होतं. ऑपरेशनमधला बराच रक्तस्राव सुईने होत नाही, या जबरदस्तीने होतो. त्वचा, पेला, इन्फंडिब्युलम, खडा ही रेषा जितकी सरळ, तितकी दुर्बीण कमी वाकवावी लागते.

खालचा, मधला की वरचा

खालचा कॅलिक्स सगळ्यांना आवडतो, कारण तो बरगड्यांच्या खाली असतो आणि छातीची भीती नसते. खडा फक्त खालच्या कॅलिक्समध्ये, किंवा खालचा कॅलिक्स अधिक पेल्व्हिस एवढाच असेल तर ही वाट उत्तम. तक्रार आहे ती सवयीबद्दल. खडा कसाही असो, खालून जायचं आणि मग वर पोचत नाही म्हणून नळी वाकवत राहायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. किडनीचा आस आठवा. खालच्या टोकातून शिरल्यावर वरचा कॅलिक्स आणि मूत्रवाहिनीचं तोंड दोन्ही अवघड कोनात जातात.

मधला कॅलिक्स दुर्लक्षित आहे. पेल्व्हिसमधला खडा, मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडकलेला खडा किंवा तिथली अरुंद जागा कापून मोठी करायची असेल तर मधून जाणारी वाट आखूड आणि सरळ असते. तोटा हा की वरच्या किंवा खालच्या कॅलिक्समध्ये वळणं कठीण.

वरचा कॅलिक्स. इथे थोडं थांबू, कारण शिकणारे याला घाबरतात आणि शिकवणारेही कधी कधी टाळतात. वरच्या मागच्या कॅलिक्समधून शिरलं की दुर्बीण किडनीच्या लांबीच्या रेषेत उभी राहते. समोर पेल्व्हिस, त्यापलीकडे खालचा कॅलिक्स, बाजूला मूत्रवाहिनीचं तोंड, सगळं एकाच सरळ हालचालीत. पूर्ण स्टॅगहॉर्न, मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातला मोठा अडकलेला खडा, वर आणि खाली दोन्हीकडे विखुरलेले खडे, जोडकिडनी यांसाठी ही वाट बाकी दोघांपेक्षा सरस आहे. किंमत एकच: बहुधा बरगडीच्या वरून जावं लागतं.

समजा, डाव्या किडनीचा स्टॅगहॉर्न आहे. पेल्व्हिस पूर्ण भरलेली, एक फांदी वरच्या मागच्या कॅलिक्समध्ये, दोन फांद्या खालच्या कॅलिक्समध्ये, त्यातली एक पुढच्या बाजूची. बारावी बरगडी लांब आहे आणि किडनीच्या मध्यावरून जाते. आतडं पुढे, प्लीहा नेहमीएवढी. खालून गेलात तर पेल्व्हिस आणि मागची खालची फांदी साफ होईल, वरची राहील, आणि वरच्यासाठी दुसरी वाट करावीच लागेल. बाराव्या बरगडीच्या वरून वरच्या कॅलिक्समध्ये गेलात तर वरची फांदी, पेल्व्हिस, मागची खालची फांदी एका वाटेत संपतात. उरते ती पुढची खालची, तिथे लवचीक दुर्बीण पोचली तर ठीक, नाही तर एक बारीक दुसरी वाट. मी इथे वरूनच जाईन, आणि छातीत पाणी गेल्यास काय करायचं हे भूलतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवेन.

बरगडीचा हिशेब

फुप्फुसाचं आवरण, म्हणजे प्लूरा, मागच्या बाजूने बरंच खाली येतं. पाठीच्या कण्याजवळ ते बाराव्या बरगडीपर्यंत उतरतं, बाहेरच्या बाजूला मात्र वर सरकत जातं. म्हणून बाराव्या बरगडीचा बाहेरचा अर्धा भाग सहसा प्लूराच्या खाली मोकळा असतो. अकराव्या आणि बाराव्याच्या मधून जायचं असेल तर कण्याकडच्या जाड स्नायूंच्या बाहेर, बरगडीच्या बाहेरच्या अर्ध्यातून जा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला शीर, धमनी आणि नस लपलेली असतात. त्यामुळे सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला चिकटून न्यायची, वरच्या बरगडीच्या खाली घासत कधीच नाही.

सुई किडनीत शिरण्याआधीचा टप्पा श्वास पूर्ण बाहेर सोडलेल्या अवस्थेत पार करा. भूलतज्ज्ञाला स्पष्ट सांगा, "श्वास बाहेर, थांबा." फुप्फुस तेव्हा सर्वांत वर असतं. उलट कॅलिक्स खाली आणायचा असेल तर श्वास आत घ्यायला लावून किडनी खाली सरकवता येते, पण तेव्हा फुप्फुसही खाली येतं. म्हणून या दोन युक्त्यांची गल्लत करू नका.

अकराव्याच्या वरून, म्हणजे दहाव्या-अकराव्याच्या मधून जाण्याचा धोका बाराव्याच्या वरच्यापेक्षा कैक पटींनी जास्त आहे. मी ते फक्त दुसरी वाटच नसेल तर करतो. आणि बहुतेक वेळा असते. मधल्या किंवा खालच्या कॅलिक्समध्ये आधी नळी बसवून तिने किडनी हलकेच खाली ओढून धरता येते, मग वरचा कॅलिक्स बरगडीखाली येतो. किंवा बरगडीखालून वरच्या दिशेने तिरकी सुई नेता येते. वाट लांब होते, पण छाती वाचते.

पालथं की उताणं

पालथ्या स्थितीत पाठ मोकळी मिळते, वरच्या पोलला जाणं सोपं आणि दुसऱ्या वाटेला जागा भरपूर. अडचण भूलतज्ज्ञाची. स्थूल, दम्याच्या, हृदयरोगाच्या किंवा कणा वाकलेल्या रुग्णाला तासभर पालथं ठेवणं सुखाचं नसतं. १९८७ मध्ये स्पेनमधल्या वाल्दिव्हिया यांनी उताण्या रुग्णाच्या कुशीखाली तीन लिटरची सलाइनची पिशवी सरकवून बाजूने शिरायची पद्धत मांडली. पुढे बास्क प्रांतातल्या गाल्डाकाओच्या युरॉलॉजिस्टांनी तीत पाय फाकवून ठेवायची सुधारणा केली. त्यामुळे एक सर्जन कुशीतून आणि दुसरा खालून मूत्रमार्गातून एकाच वेळी काम करू शकतो.

उताण्या स्थितीत आतडं पुढे तरंगतं, नळी खालच्या दिशेला झुकलेली असल्याने पेल्व्हिसमधला दाब कमी राहतो आणि तुकडे आपोआप बाहेर येतात. पण वरचा पोल खोल आणि लपलेला राहतो, किडनी सुईसमोरून सरकते, आणि बरगडी ते कमरेचं हाड यांमधली जागा तोकडी. माझं मत विचाराल तर वाट आधी ठरवा, मग स्थिती. वरच्या पोलमधून जायचं ठरलं आणि छाती धडधाकट असेल तर पालथं. खालून लवचीक दुर्बिणीची जोड लागणार असेल किंवा भूल जोखमीची असेल तर उताणं. एकाच स्थितीवर निष्ठा ठेवून सगळे रुग्ण तीत बसवणं बरोबर नाही.

सुई घालताना

आधी मूत्राशयातून दुर्बिणीने पाच किंवा सहा फ्रेंचची नळी मूत्रवाहिनीत वर सरकवून ठेवलेली असते. तिच्यातून कॉन्ट्रास्ट पातळ करून आणि थोडा थोडाच सोडा. पालथ्या रुग्णात कॉन्ट्रास्ट जड असल्याने पुढच्या कॅलिक्समध्ये आधी उतरतो. मागचे कॅलिक्स ओळखायचे असतील तर थोडी हवा सोडायची. हवा वर, म्हणजे मागे जाते आणि मागचे कॅलिक्स काळे उठून दिसतात. हवा जेमतेम पाच-दहा मिली आणि हळू, कारण ती रक्तात शिरण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे.

बुल्स-आय पद्धतीत सी-आर्म सर्जनकडे साधारण ३० अंश झुकवला की मागचा कॅलिक्स तोंडासमोरून दिसतो. १८ गेजची सुई आर्टरी फोर्सेप्सने (लांब चिमट्याने) धरायची म्हणजे आपला हात किरणांत येत नाही. सुईचं टोक आणि मागची मूठ एकावर एक येऊन पडद्यावर एकच ठिपका दिसायला हवा, आणि तो ठिपका पेल्याच्या मधोमध. मग तीच दिशा ठेवून सुई पुढे न्यायची आणि सी-आर्म उभा करून खोली बघायची. त्रिकोणी पद्धतीत सी-आर्म उभ्या स्थितीत असताना सुई फक्त आत-बाहेर, म्हणजे कण्याकडे किंवा कुशीकडे दुरुस्त करायची, आणि तिरक्या स्थितीत फक्त डोक्याकडे किंवा पायाकडे. एका चित्रात दोन्ही दुरुस्त्या केल्या की गोंधळ उडालाच म्हणून समजा.

सुई किडनीत पोचली हे बोटांना कळतं. सोडून दिलेली सुईची मूठ श्वासाबरोबर झुलायला लागते, कारण तिचं टोक किडनीने धरलेलं असतं. पेल्यात शिरताना पडद्यावर पेल्याची भिंत आधी किंचित दबते आणि मग सुटते. आतली सळई काढली की लघवीचा थेंब यायला हवा. थेंब आला नाही तर एक-दोन मिली कॉन्ट्रास्टसुद्धा सुईतून सोडू नका, तो बाहेर सांडला तर सगळं चित्र पुसलं जातं. चुकलेली पहिली सुई काढायची घाई नको. तिला जागेवर ठेवून दुसरी घातली तर दिशेचा अंदाज मिळतो आणि गळतीही कमी होते.

तार मूत्रवाहिनीत उतरली तर सर्वांत सुरक्षित. नाही उतरली तर दूरच्या कॅलिक्समध्ये वेटोळं करून ठेवा. दुसरी सुरक्षेची तार घातल्याशिवाय वाट रुंद करायला घेऊ नये. रुंद करताना डायलेटर (वाट रुंद करायचं साधन) कॅलिक्सपर्यंतच न्यायचा. पेल्व्हिसपर्यंत ढकलायचा मोह आवरा, समोरची भिंत फाडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

सोनोग्राफीवर सुई घालता येत असेल तर जरूर शिका. किरणं लागत नाहीत, आणि सी-आर्मवर कधीच न दिसणारं आतडं, यकृत, प्लूरा वाटेत आहेत का ते दिसतं. मी बहुधा सुई सोनोग्राफीवर घालतो आणि तार व डायलेटर सी-आर्मवर. फुगलेल्या किडनीत हे सोपं, न फुगलेल्या किडनीत सराव लागतो.

नळीची जाडी आणि दुसरी वाट

एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. नेहमीची नळी २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटर. मिनी पीसीएनएलची साधारण १४ ते २० फ्रेंच. त्याहूनही बारीक पद्धतींत भारतीय युरॉलॉजिस्टांचा मोठा वाटा आहे. नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधून मायक्रोपर्कचे अनुभव जगासमोर आले, त्यात ४.८५ फ्रेंचच्या सुईतूनच बघायचं आणि लेझर मारायचा असतो. वाटेच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की इन्फंडिब्युलम अरुंद असेल तर जाड नळी घुसवू नका. मोठ्या स्टॅगहॉर्नला केवळ बारीक भोकाच्या हौसेपायी मिनीने तासन्तास झटणंही शहाणपणाचं नाही. वेळ वाढला की आतला दाब, जंतू आणि ताप वाढतात.

एकाच वाटेतून सगळा खडा निघेल असा हट्ट नको. वाकवून वाकवून इन्फंडिब्युलम फाडण्यापेक्षा दुसरी बारीक वाट कमी रक्त सांडते. दुसरी लागेल असं सीटीवर वाटलं तर तिची सुई आणि तार सुरुवातीलाच घालून ठेवा. एकदा आत रक्त आणि बुडबुडे झाले, किडनी कोसळली, की दुसरा कॅलिक्स शोधणं जिकिरीचं होतं.

वेगळ्या किडन्या

जोडकिडनीत किडनी वर चढायची थांबलेली असते, त्यामुळे वरचा कॅलिक्स बरगडीखालीच सापडतो आणि तो कण्याच्या जवळ व मागे तोंड करून असतो. इथे वरचा कॅलिक्स जवळजवळ ठरलेलाच. सुईची जागा नेहमीपेक्षा आतल्या बाजूला घ्यायची आणि नळी लांब ठेवायची. कॅलिक्सच्या डायव्हर्टिक्युलममध्ये (त्याला जोडलेल्या छोट्या कप्प्यात) खडा असेल तर शेजारच्या कॅलिक्समधून फिरून जाऊ नका, सरळ त्या कप्प्यावरच सुई घाला. तार आत वेटोळं घेईल एवढीच जागा असते, त्यामुळे ती निसटू देऊ नका. प्रत्यारोपित किडनी पोटात पुढे असते, तिच्याकडे उताण्या स्थितीत पुढून जायचं आणि वर आतडं नाही हे सोनोग्राफीवर पाहायचं. ओटीपोटात राहिलेल्या किडनीला पाठीतून वाट नाही. तिथे लवचीक दुर्बीण किंवा लॅपरोस्कोपीच्या मदतीनेच विचार करावा. लहान मुलांत नळी बारीक आणि धुवायचं पाणी कोमट, एवढं पाळलं तरी बऱ्याच अडचणी टळतात.

वाट चुकली तर

नळी घालताच भळभळून काळसर रक्त आलं तर बहुधा शीर दुखावली आहे. घाबरून नळी काढू नका. नळी किंवा नेफ्रोस्टोमी ट्यूब (किडनीतून लघवी पाठीवाटे बाहेर आणणारी नळी) आत ठेवून ती बंद करा, दाब बसला की बहुतेकदा थांबतं, आणि उरलेलं काम काही दिवसांनी करता येतं. तांबडं आणि नाडीबरोबर उसळणारं रक्त असेल तर धमनी, आणि ती अँजिओग्राफीने बंद करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला लगेच कळवायचं. जगभरातल्या ९६ केंद्रांतल्या ५,८०३ रुग्णांच्या क्रोएस अभ्यासात ५.७ टक्क्यांना रक्त द्यावं लागलं, १.८ टक्क्यांच्या छातीत पाणी झालं आणि साधारण दहापैकी एकाला ताप आला. नातेवाइकांना सांगताना हे आकडे लपवायचं कारण नाही.

बरगडीच्या वरून गेला असाल तर रुग्णाला टेबलावरून उचलण्याआधी सी-आर्म छातीवर फिरवा. फुप्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी दिसलं तर तिथेच, भूल उतरण्याआधी, नळी घालून काढून टाकणं रुग्णाला आणि तुम्हाला दोघांनाही सोपं जातं. आतड्याला इजा झाल्याची शंका ट्यूबमधून विष्ठा किंवा वायू आला, पोट फुगलं किंवा ट्यूबमधून सोडलेला कॉन्ट्रास्ट आतड्यात दिसला की घ्यायची. पोटाच्या पडद्याबाहेर इजा असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर बहुधा पोट उघडावं लागत नाही. मूत्रवाहिनीत डबल-जे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची आतली बारीक नळी) टाकून किडनीची लघवी वेगळी वळवायची, ट्यूब मागे ओढून आतड्यात आणायची, अँटिबायोटिक द्यायची आणि पुढची नोंद ठेवायची. हा निर्णय पोटाच्या सर्जनला बोलावून एकत्र घ्यावा.

घरी जाताना रुग्णाला आणि नातेवाइकांना एक गोष्ट ठासून सांगा. डिस्चार्जनंतर एक ते तीन आठवड्यांत, सगळं ठीक चाललेलं असताना अचानक लघवीतून लाल रक्त किंवा गाठी येऊ शकतात. वाटेत दुखावलेली धमनी फुगून फुटल्याचं ते लक्षण असतं. अशा वेळी "गरमी झाली असेल" म्हणून ताक पीत घरी थांबू नये. अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी यायचं. तिथे मांडीतून तार घालून ती एक फांदी बंद करतात, आणि किडनी बहुधा वाचते. डिस्चार्ज कार्डवर हे मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा, खाली फोन नंबर द्या, आणि जवळची अँजिओग्राफीची सोय कुठल्या गावात आहे तेही लिहा.